दिवाळीनंतरचा हजेरीपट

दिवाळी अंकात दारिद्र्याचा विषय काढू नये, असा एक अलिखित संकेत आहे. घरातली सारी माणसे अंक वाचणार, शेजारी चकल्यांचा डबा उघडा असणार, आणि लेखक मात्र गैरहजर मुलांची यादी वाचून दाखवणार, हे कोणालाही रुचायचे नाही. पण मी पडलो मास्तर. शिवाय आमच्या ठाणे जिल्ह्यात दिवाळी आणि शाळेचा हजेरीपट यांचे नाते इतके जुने व इतके घट्ट आहे की, या विषयाला दिवाळीखेरीज दुसरा मुहूर्त शोभायचाही नाही.

ते नाते असे. पावसाळ्यात डोंगरपट्टीतल्या कातकऱ्याच्या हाताला काम नसते आणि घरात दाणा नसतो. तेव्हा वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम त्याला खावटी देतो, म्हणजे पोटापुरते धान्य आणि चार पैसे, उसने म्हणून. दिवाळी झाली, भात कापून झाले, जमीन वाळली, की ती खावटी फेडण्याचे दिवस येतात. गाडी वाडीवर येऊन उभी राहते. तीत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि सबंध कुटुंब चढते, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीवरच असते. कुटुंबात मुले आलीच. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा पहिल्या सहामाहीत ज्या नावांपुढे हजेरी असते, त्यांच्यापुढे दुसऱ्या सहामाहीत नुसत्या रेघा पडू लागतात. ही मुले नापास झालेली नसतात, व्रात्य नसतात आणि त्यांच्या आईबापांना शिक्षणाचा द्वेषही नसतो.

मी राहतो कोपरला. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले हे गाव, एका अंगाला खाडी आणि तिवरे. १८५४ साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणला पोहोचली ती याच बाजूने. आमच्या स्टेशनाची एक गंमत आहे. खालच्या फलाटांवरून मुंबई-कल्याणच्या गाड्या जातात आणि डोक्यावरून आडवी दिवा-वसईची गाडी जाते. खालच्या गाडीत कचेरीला जाणारी माणसे लोंबकळत असतात. वरच्या गाडीने गेले की भिवंडी रोड, खारबाव, कामण अशी स्टेशने लागतात आणि वीटभट्ट्यांचा मुलूख सुरू होतो. वसईला गाडी बदलून उत्तरेकडे निघाले की डहाणू. तेथून बोर्डी आणि कोसबाड. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत हे सगळे एकच ठाणे जिल्हा होते. मला जी हकिगत सांगावयाची आहे ती या वरच्या गाडीच्या वाटेवरची आहे.

पण सुरुवात घरच्या उंबऱ्यापासून केलेली बरी. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. कादंबऱ्या लिहितो आणि लहान मुलांना शिकवतो. वर्गातली एक चुणचुणीत मुलगी आठवड्यातून तीन दिवस येईना, म्हणून मी तिच्या घरी गेलो. आई इमारतींतून धुणीभांडी करते. तिने मला पाटावर बसवले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "गुरुजी, फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी भात पण देता. समदं खरं. पर ह्याला कुनी सांभाळायचा?" तिच्या बोटाच्या रोखाने मी पाहिले. माझी विद्यार्थिनी दारात उभी होती आणि तिच्या कडेवर एक वर्षाचा भाऊ अंगठा चोखीत होता.

त्या बाईच्या हिशेबात चूक काढण्याची माझी प्राज्ञा नव्हती. शाळेची किंमत फी एवढीच असती तर ती केव्हाच फिटली असती. गरिबाच्या घरी शाळेला जी किंमत पडते ती मुलाच्या दिवसाची. गुरे कोणी राखायची, तान्हे कोणी धरायचे, विटा कोणी उलटायच्या, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न आपल्याकडे कोणाला कळला नव्हता असे मात्र नाही. १८८२ साली हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करीत हिंदुस्थानात फिरले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे एक निवेदन ठेवले. सरकारचा बहुतेक वसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हा त्यातला भाग पुष्कळांना ठाऊक असतो. त्याच निवेदनातली एक साधी गोष्ट तितकीशी लक्षात राहत नाही. शेतकऱ्याची मुले शाळेत टिकत नाहीत, कारण त्यांची गुरांमागे आणि शेतात गरज असते, हे जोतीरावांनी कमिशनला स्पष्ट सांगितले. आणि म्हणून मुलांना हजेरीबद्दल काही भत्ता, शिष्यवृत्त्या, बक्षिसे द्यावीत आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असे सुचवले. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी घराची तूट भरून काढा, मग सक्ती करा. शेतकऱ्याचे घर ज्याने आतून पाहिले आहे त्यालाच हा क्रम सुचतो.

पुढच्या मंडळींनी सक्ती उचलली आणि भत्ता बराचसा वाटेत राहिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदे कौन्सिलात आपले बिल मांडले. त्यात ज्याची मासिक प्राप्ती दहा रुपयांच्या वर नाही, अशा पालकाच्या मुलाला फी माफ होती. हे बिल वर्षभराने १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. गोखले निराश झाले नसावेत. पडणार हे त्यांना दिसतच होते. कोल्हापुरास शाहू महाराजांना कोणाच्या मतांची गरज नव्हती. त्यांनी १९१७ साली सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ चा. नंतर स्वराज्य आले, घटना आली. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे तीत लिहिले गेले. ती दहा वर्षे १९६० साली संपली. मुलांचा तो मूलभूत हक्क ठरायला २००२ साल उजाडले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

या सगळ्या थोर माणसांविषयी मला नितांत आदर आहे. शाहू महाराजांचा तो रुपया दंड मात्र मला नेहमी विचारात पाडतो. ज्या घरी मूल काम करते म्हणून चूल पेटते, त्या घराला दंड म्हणजे दोन्हीकडून मार. महाराजांना याची कल्पना नव्हती असे कसे म्हणावे? त्यांनी वसतिगृहे काढली ती उगीच नव्हेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर हीच वाट राजमार्ग केली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्याला बोर्डिंग झाले, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही माहीत आहे. कमवा आणि शिका, हा गरिबाच्या हिशेबाला दिलेला एक सच्चा जबाब होता: मुलाने काम सोडू नये, कामावरच शिकावे. त्यात कमी एवढीच की, बोर्डिंगला जाणारा मुलगा बाराचौदा वर्षांचा असतो आणि बहुधा मुलगाच असतो. आठ वर्षांची बहीण कडेवर भाऊ घेऊन साताऱ्याच्या बोर्डिंगात कशी जाणार?

तिच्यासाठी कोणी काही केले का? केले. आणि ते आमच्याच जिल्ह्यात केले.

१९४५ साल. उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतला वारली त्या वेळी जमीनदाराच्या वेठीखाली होता. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडायला नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, याला लग्नगडी म्हणत. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि वेठ करणार नाही, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय काम करणार नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या बरोबर शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर होते. गोदावरीबाई या गोखल्यांनी स्थापलेल्या भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद. गोखल्यांच्या बिलात जे मूल कागदावर होते, ते वारल्याच्या झोपडीत गोदावरीबाईंना प्रत्यक्ष भेटले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावर, बोर्डी गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाई पदवीधर, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मुलांमध्ये काम केलेल्या, दादरला शिशुविहार चालवलेल्या. त्यांच्या साथीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न आणि लहानपणीच वैधव्य, मग मास्तरीण झालेल्या. या दोघींनी बोर्डीला बालवाडी काढली आणि गावच्या बऱ्या घरची मुले आलीही. गरीब वस्तीतली मुले येईनात. येथे बहुतेक माणसे म्हणाली असती की, यांना शिक्षणाची गोडीच नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्या म्हणाल्या, आणि वस्तीतल्या अंगणात शाळा भरवली. तिचे नाव अंगणवाडी.

मोंटेसरीबाईंची साधने लाकडाची, रंगीत आणि महाग. ती या दोघींना परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या गोळा केल्या. मोजायला खडा लागतो, तो सोन्याचा असावा लागत नाही. मुलांना आधी आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी-गोष्टी. सोवळ्या सुशिक्षितांच्या नाकाला पदर लागावा असे हे काम. ते त्यांनी वर्षानुवर्षे केले.

१९५७ च्या सुमारास केंद्राचे बिऱ्हाड बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे भोवती सगळे वारल्यांचे पाडे. येथे ताराबाई-अनुताईंनी मूल का येत नाही याचा जो तपास केला, तो माझ्या मते सगळ्या कमिशनांच्या अहवालांहून मोलाचा आहे. त्यांना असे दिसले की मुले दोन कामांत अडकली आहेत. मुलगे गुरांमागे जातात आणि मुली धाकटी भावंडे सांभाळतात. बस्स, एवढेच. ना आळस, ना अज्ञान.

मग गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरत, तेथे शिक्षिका जाई. गुरे चरत आहेत, पोरे झाडाखाली बसली आहेत, एक डोळा गाईवर आणि एक अक्षरावर. गाय दुसऱ्याच्या भातात शिरली तर धडा थांबे, पोरगा धावे, गाय वळवून आणी, धडा पुन्हा सुरू. आमच्या नियमांप्रमाणे ही शाळाच नव्हे. घंटा नाही, बाक नाही, तास नाही. पण बापाची गाय राखली जात होती आणि मुलगा वाचायला शिकत होता, दोन्ही एकाच दिवसात. दिवसाची किंमत घराला द्यावी लागत नव्हती.

मुलींचा प्रश्न याहून अवघड, कारण मूल काही कुरणात चरत नाही. त्यावर कोसबाडला विकासवाडी झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. बहिणीने कडेवरचे तान्हे घेऊनच यावे. तान्हे पाळण्यात, त्याच्याहून मोठे बालवाडीत, आणि ती स्वतः पाटी घेऊन वर्गात. भाऊ रडला तर हाकेच्या अंतरावर. मला तर ही युक्ती एखाद्या गणिती सिद्धांताइतकी सुंदर वाटते. शाळेने मुलीला 'घरचे काम सोडून ये' असे न म्हणता, 'घरचे काम घेऊन ये' असे म्हटले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या आणि पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ती टेकडी सांभाळली.

सरकारला यातले काय आवडले? नाव आवडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशभर ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज खेड्यापाड्यांतून, आमच्या कोपरसारख्या वस्त्यांतूनही अंगणवाड्या आहेत. तेथे खाऊ मिळतो, लस टोचली जाते, वजन होते. हे काम थोडे नव्हे आणि तुटपुंज्या मानधनावर ते करणाऱ्या सेविकांना माझा नमस्कार आहे. पण ही अंगणवाडी काही तास भरते, आणि तिच्यात बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. वर्षाच्या तान्ह्याला दिवसभर ठेवून घेण्याची सोय त्या योजनेत नव्हती. कोसबाडहून नाव आणले, पाळणा तेथेच राहिला.

आता वरच्या गाडीने थोडे मागे, भट्ट्यांच्या मुलुखात येऊ. भट्टीवर मजुरी मिळते ती हजार विटांमागे, आणि ती कुटुंबाच्या नावावर. बाप चिखल तुडवतो, आई साचा मारते, पोरे ओल्या विटा उलटतात आणि वाहतात. मुलाचे नाव मजुरीच्या वहीत कोठेही नसते. त्याचे हात मात्र त्या हजारांत असतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण खावटी आणि उचल यांना कायद्याच्या कलमातून निसटण्याची कला अवगत आहे. वसई-भिवंडी भागात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या विधायक संसदेने १९९० नंतरच्या दशकात या भट्ट्यांवर शाळा काढल्या. भट्टीवर मजूर विटांचा आणि गवताचा जो खोपटा उभारतो त्याला भोंगा म्हणतात. म्हणून शाळेचे नाव भोंगाशाळा. खोपटाचे नाव शाळेला देणाऱ्यांना मुलाचा पत्ता बरोबर ठाऊक होता. अंगण, कुरण, भोंगा: आमच्या जिल्ह्यातल्या शाळांची ही नावेच पाहा, प्रत्येक नाव मुलाच्या कामाच्या किंवा बिऱ्हाडाच्या जागेचे आहे.

पुढे सरकारने स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली, गावोगाव फिरणाऱ्या मुलाला कोणत्याही शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकही केले. कागद चांगला आहे. तो मुलाच्या खिशात पोहोचतो तेव्हा उपयोगी पडतो.

जोतीरावांच्या भत्त्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याला एकशेदहा वर्षे लागली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात गरिबांना फी-माफी मिळाली, जिला सगळे ई.बी.सी. म्हणत, आणि तिने बहुजन समाजातली एक पिढीच्या पिढी कॉलेजात नेली; पण तीही फीच. १९९५ साली शाळेत जेवणाची राष्ट्रीय योजना आली. आधी महिन्याला तीन किलो धान्य मिळे, नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे भाग पडले. त्याने पोटाचा एक घास सुटला. हजेरीचा भत्ता म्हणून जो खरा भत्ता, तो महाराष्ट्रात १९९२ साली सुरू झाला: दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त घरांतील पहिली ते चौथीच्या मुलींना, हजर दिवसाला एक रुपया. वर्षाला फार तर २२० रुपये. १९४५ साली वारल्याने एका दिवसाचे बारा आणे मागितले होते. ४७ वर्षांनी त्याच्या नातीच्या शाळेतल्या दिवसाला सोळा आणे मिळाले, आणि दरम्यान रुपयाचे काय झाले ते वाचकांच्या घरची वाण्याची यादी सांगेल.

एक शेवटची कायद्याची गोष्ट सांगतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोठेही कामावर ठेवायला बंदी झाली, ते उत्तम. पण मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या धंद्याला मदत करायला हरकत नाही, असेही त्यात आले. भट्टीवर कुटुंबच मजूर असते. आणि कडेवरचा भाऊ सांभाळणे याला तर कोणत्याच कायद्याने कधी काम म्हटलेले नाही.

कोसबाडचा पाळणा मात्र अलीकडे पुन्हा कोणाला तरी आठवला असावा. २०२२ साली केंद्र सरकारने अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची योजना काढली आणि तिचे नावच 'पाळणा' ठेवले. कोसबाडला पाळणाघर निघाल्याला तेव्हा साठ वर्षे केव्हाच उलटून गेली होती. माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईला मी ही योजना समजावून सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "किती वाजेपर्यंत ठेवतील, गुरुजी? माझं शेवटचं घर सहाला सुटतं."